शोधणाराच चोर

रोकांबुल, तू पॅरिसहून निघालास तेव्हा तुझ्या मागावर फ्रेंच पोलीस होते. कैरोत शिरलास तोवर तुझी बोली अरबी झाली होती. आणि पिनांगला पोहोचलास तेव्हा तुला घरात घ्यायला दारात उभा होता एक मौलवी. तुझ्यासारख्या बदमाशाला याहून विचित्र आसरा कुठे मिळाला असेल असं मला वाटत नाही.

तुझा जन्मदाता पाँसाँ द्यू तेराय. १८५७ पासून पॅरिसच्या वर्तमानपत्रातून तो तुला रोज थोडाथोडा लिहीत गेला. तू खून केलेस, फसवणुका केल्यास, दुसऱ्याचं नाव चोरून उमराव झालास. मग शिक्षा भोगायला गेलास आणि परतलास तो दुबळ्यांचा कैवारी होऊन. १८७१ मध्ये युद्धाच्या धामधुमीत तुझा लेखक गेला, तुझी गोष्ट अर्धी टाकून. लेखक गेला तरी तू थांबला नाहीस. तान्यूस अब्दूह नावाच्या अनुवादकाने तुला अरबीत आणलं. त्याच्याबद्दल सांगतात की फ्रेंच पानं वाचायचा, पुस्तक मिटायचा आणि मग आठवेल तसं लिहायचा. त्यामुळे कैरोतला रोकांबुल कितपत पॅरिसचा उरला होता ते त्या मिटलेल्या पुस्तकालाच ठाऊक.

आणि तो मौलवी म्हणजे सय्यद शेख अल-हादी. १८६७ मध्ये मलाक्क्यात जन्मलेला, बापाकडून हद्रमौती अरब, वाढला रियाऊच्या राजघराण्याच्या सावलीत, पेन्येंगत बेटावर. १९०६ मध्ये सिंगापुरात 'अल-इमाम' हे मासिक निघालं त्याच्या कर्त्यांपैकी तो एक. इजिप्तच्या महंमद अब्दूह यांच्या सुधारणावादाची हवा मलय मुलखात आली ती याच मासिकातून. धर्म डोळसपणे वाचा, मुलींना शिकवा, आंधळी रूढी सोडा, असा त्याचा धोशा. जुन्या मौलवींनी या मंडळींना नाव दिलं 'काउम मुदा', तरुण तट. पिनांगला येऊन त्याने मदरसा चालवला, 'अल-इख्वान' काढलं, 'सौदारा' हे पत्र काढलं. आणि १९२५-२६ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, लिहिली 'हिकायत फरीदा हानुम': कैरोतली प्रेमकथा, नायिका शिकलेली, मनाविरुद्धच्या लग्नाशी झुंजणारी. पुस्तक धो धो खपलं. त्या पैशातून १९२७ मध्ये जेलुतोंग प्रेस उभा राहिला. आणि त्या छापखान्यातून, रोकांबुल, अरबी वळणाच्या जावी अक्षरांच्या वेषात, उजवीकडून डावीकडे चालत, तू बाहेर पडलास. एका भागाचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, अशी तुझी रांगच लागली. १९३४ च्या फेब्रुवारीत सय्यद शेख वारले, तोवर मलय वाचक तुला घरचा समजू लागले होते.

तू अगदी पहिला होतास असं नाही. १९२२ मध्येच महंमद बिन महंमद सईद यांनी पाच दशलक्ष रिंगिटच्या चोरीची एक गोष्ट मलय भाषेत आणली होती, आणि जाव्यात तर त्याही आधीपासून काय काय चाललं होतं. पण तुझ्याइतकं कुणी रुळलं नाही.

मौलवी चोराच्या गोष्टी का सांगत बसला? त्याच्या विरोधकांनीही हेच विचारलं असणार, जरा वरच्या पट्टीत. सुधारणेच्या मासिकाला वर्गणीदार मोजके आणि चोराला गिऱ्हाईक भरपूर, हे एक उत्तर आहे आणि ते खरंच असावं. चोरावर टाकलेल्या पैशातूनच प्रवचनाचा कागद विकत घेता येतो. पण मला वाटतं, मौलवीला तुझ्यात तौबा दिसली. पापाच्या तळाला जाऊन आलेला माणूस शहाणा होऊन परततो, आणि ज्या डोक्याने लोकांना लुबाडलं तेच डोकं लोकांसाठी वापरतो. इंग्रजी गुप्तहेराला पश्चात्तापाची गरजच नाही, तो मुळात स्वच्छ. त्याला भिंग पुरतं. मलय मुलखात पहिल्यांदा जो मनात भरला त्याच्या हाताला डाग होते.

आणि सोंगं काढणारा माणूस त्या वाचकांना काही नवा नव्हता. मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिनांगला जाऊन आल्या होत्या. त्यांचे पडदे, त्यांचे भरजरी अंगरखे, त्यांची गाणी पाहून तिथे 'बांगसावान' हा मलय संगीत नाटकाचा प्रकार उभा राहिला. राजपुत्र फकिराच्या वेषात, चोर राजपुत्राच्या वेषात, हे सगळं लोक रात्र-रात्र जागून पाहत होते. मुंबईच्या शिळाप्रेसवर तर मलय भाषेतली धर्माची पुस्तकंही छापली जात आणि जहाजाने तिकडे जात. म्हणजे या गोष्टीच्या एका कोपऱ्यात आपली मुंबईही उभी आहे, शाईचे हात पुसत.

तिकडे बतावियात, म्हणजे आजच्या जकार्तात, मात्र गुन्ह्याचं वाचन वेगळ्या वाटेने आलं होतं. ती वाट नदीतून येते. १८९६ मध्ये जी. फ्रान्सिस यांनी 'चरिता न्याई दासिमा' छापली. दासिमा ही एका इंग्रजाच्या घरात राहणारी स्थानिक बाई. तिला फूस लावून बाहेर काढतात, नाडतात, आणि शेवटी भाडोत्री मारेकरी तिला मारून नदीत ढकलतो. प्रेत वाहत वाहत त्याच इंग्रजाच्या घरामागे येऊन लागतं. ही गोष्ट त्या शहराने पुढे शंभर वर्षं सोडली नाही. नाटकं झाली, १९२९ मध्ये मूकपट झाला, आणि दर वेळी दोष कुणाचा हे सांगणारा बदलला की दोषीही बदलला. १९१२ च्या मे महिन्यात त्याच शहरात पाण्यातून एक पोतं निघालं. आत फीन्त्यं द फेनिक्स, मिश्र वंशाची, वेश्यावस्तीतली तरुण मुलगी. संशय एका प्रतिष्ठित युरोपीय माणसावर गेला, आणि गावाचा विश्वास बसेना तरी खटला उभा राहिला, तो दोषीही ठरला. तान बून किम या चिनी वंशाच्या लेखकाने तिच्यावर मलय भाषेत कादंबरी लिहिली आणि मुखपृष्ठावरच ठणकावून सांगितलं की हे सारं खरोखर घडलेलं आहे. बाजारातली, फळीवरची, चिनी-मलय छापखान्यांची ती मलय भाषा. त्या कादंबरीत गुप्तहेर नव्हता. शोध नव्हता. खून कुणी केला ते सगळ्यांना माहीत होतं. वाचायचं ते एवढ्यासाठी की या वेळी तरी शिक्षा होते का.

इथे एका माणसाचं नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. एफ. डी. जे. पांगेमानान, बतावियाचा पत्रकार. १९०० मध्ये त्याने 'चरिता सी चोनात' लिहिली, एका दरवडेखोराची कहाणी. १९१० मध्ये तो गेला आणि विसरला गेला. इंडोनेशियाचे कादंबरीकार प्रमुद्य अनंत तूर यांनी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्याला वर काढलं, १९८२ च्या एका संग्रहात त्याची गोष्ट पुन्हा छापली. आणि बुरू बेटावरच्या कैदेत जुळवलेल्या चार कादंबऱ्यांच्या मालिकेत पांगेमानान याच आडनावाचा एक पोलीस अधिकारी उभा केला. शेवटच्या कादंबरीचा निवेदक तोच: सरकारसाठी लेखकांवर पाळत ठेवणारा, स्वतःच्या पापाने पोखरलेला. दरोडेखोराची गोष्ट लिहिणाऱ्याचं आडनाव पोलिसाला देण्यात तूर यांनी काय हिशेब चुकता केला, यावर मी बराच विचार केला आहे. एक कैदी, ज्याची हस्तलिखितं जप्त झाली आहेत, तो पोलिसाच्याच तोंडून आपली गोष्ट वदवून घेतो. या साहित्यात चोर आणि शिपाई एकमेकांच्या कपड्यांत पहिल्यापासूनच फिरत होते.

पण सर जून, माझा खरा शोक तुझ्यासाठी आहे.

तुझ्या लेखकाचं नाव सुमान हासिबुआन, पुस्तकांवर नुसतं 'सुमान एच. एस.' जन्म १९०४, रियाऊकडचं बेंगकालिस बेट, आईबाप मूळचे मांडायलिंगचे. पेशा मास्तराचा. सियाकमध्ये मलय शिकवायचा, पुढे पासिर पंगारायानच्या शाळेत मुख्याध्यापक. बेंगकालिसच्या समोर, सामुद्रधुनीपलीकडे मलाक्का. इंग्रज आणि डच यांनी १८२४ च्या तहात ते पाणी मधोमध वाटून घेतलं होतं. एकच भाषा बोलणारे मामा-भाचे दोन सरकारांची प्रजा झाले. अलीकडे गुन्हा केला आणि रात्रीत होडी वल्हवली की पलीकडे दुसरा कायदा, दुसरा साहेब, दुसरा फौजदार. ज्या किनाऱ्यावर पळून जाणं इतकं सोपं, तिथे पाठलागाची गोष्ट जन्मली नसती तरच नवल.

१९३२ मध्ये 'मन्चारी पन्चुरी अनाक परावान' आली: कुमारिकेच्या चोराचा शोध. सर जून, तुझं प्रेम होतं नोना नावाच्या मुलीवर. घरच्यांनी तिला श्रीमंत ताइरूच्या पदरात घालायचं ठरवलं. आणि एका रात्री नोना घरातून नाहीशी झाली. गावात गलका. कुणी नेली? कसं नेलं? तू पुढे झालास. मी शोधतो म्हणालास. खुणा पाहिल्यास, माग काढलास, लोकांना प्रश्न विचारलेस, या-त्याच्यावर संशय घेतलास, आणि वाचक तुझ्या मागोमाग श्वास रोखून चालत राहिला. शेवटी कळलं की चोर तूच. नोना पळवली तूच, आणि आपल्याच चोरीचा तपास इतक्या तन्मयतेने केलास तोही तूच.

याच्या सहा वर्षं आधी लंडनमध्ये ॲगाथा ख्रिस्तींनी निवेदकालाच खुनी ठरवलं तेव्हा गहजब झाला होता, लेखिकेने फसवलं म्हणून. सुमान मास्तरांच्या वाचकाला फसल्याचा राग आला असेल असं मला वाटत नाही. त्याला हसू फुटलं असेल. कारण तू चोरलंस ते आधीच विकलं जात होतं. पैशाचा सौदा दिवसाढवळ्या, पंचांसमोर, विड्याच्या तबकासह ठरतो तेव्हा त्याला लग्न म्हणतात. मुलगी आपल्या इच्छेने रात्री बाहेर पडते तेव्हा तिला चोरी म्हणतात. तू एवढंच केलंस की चोराचा शोध त्या गावाकडून गंभीरपणे करवून घेतलास. तुझा तपास हे सोंग होतं आणि सोंगाआड न्याय होता. सुमान मास्तरांच्या १९२९ च्या पहिल्या कादंबरीत, 'कासिह ताक तरलाराई'मध्येही ताराम नावाचा पोरका मुलगा आपलं माणूस परत मिळवतो तो अरबी शेखाचं सोंग घेऊन. ज्या समाजाने त्याला बिनकुळाचा म्हणून झिडकारलं तोच त्याच्या जुब्ब्यासमोर लवतो. मास्तर मिस्कील होते, आणि मिस्कील माणसाचा राग ओळखायला वेळ लागतो.

गंमत अशी की ही पुस्तकं छापली डच सरकारच्याच प्रकाशनसंस्थेने, बालाई पुस्ताकाने. प्रजेने चांगलंचुंगलं वाचावं, राजकारण वाचू नये, बाजारातलं बेबंद वाचन टाळावं यासाठी काढलेलं ते खातं. तिथल्या संपादकांच्या चाळणीतून तू सुखरूप निसटलास. दिसायला तर साधी मुलगी पळवल्याची गोष्ट. त्या पुस्तकात कायद्याचा माणूस काही शोधून काढत नाही आणि काढावं अशी कुणाची अपेक्षाही नाही, हे त्यांना खटकलं नसावं. वसाहतीत राहणाऱ्या माणसाने पोलिसावर जीव का लावावा? त्याने आयुष्यात पाहिलेला फौजदार एकतर करवसुलीला आलेला असतो नाहीतर झडतीला. म्हणून त्या भाषेला शेरलॉक होम्सपेक्षा तू जवळचा. तू आणि रोकांबुल.

आणि मेडान. अरे, मेडान! सुमात्रातल्या डेलीच्या तंबाखूच्या मळ्यांवर पोसलेलं ते शहर, बाताक, मिनांग, जावानी, चिनी, तमीळ, सगळे एकाच रस्त्यावर. १९३० च्या दशकाच्या शेवटी तिथून स्वस्त, पातळ कादंबऱ्यांचा लोंढा सुटला. मासिकासारख्या ठरल्या दिवशी येणाऱ्या मालिका, 'दुनिया पंगालामान', 'लुकिसान पुजांगा'. मातू मोना यांनी १९३८ मध्ये 'पाचार मेराह'चं पुस्तक काढलं. कित्येक देशांचे हेर मागे लागलेला, कधी बँकॉकला, कधी भलत्याच बंदरात, कुणाच्या हाती न लागणारा क्रांतिकारक. त्याच्याआड इंडोनेशियाचा क्रांतिकारक तान मलाका आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो खरा माणूस तेव्हा खरोखरच नावं बदलत आशियाभर लपत फिरत होता. कादंबरीतल्याला भिंतीआड अंतर्धान पावता येई. खऱ्याला १९४९ मध्ये पूर्व जाव्यातल्या एका खेड्यात गोळी घातली गेली, स्वतःच्याच प्रजासत्ताकाच्या सैनिकांकडून, आणि पुढची कित्येक दशकं त्याची कबर कुठे आहे हे कुणाला खात्रीने सांगता येत नव्हतं.

आणि युसुफ सोयुब यांचा 'एलांग अमास', सोन्याचा ससाणा. सभ्य, देखणा, श्रीमंतांना लुटणारा. तो आला की आपल्याकडच्या वाचकाला बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड आठवावा. साधारण त्याच वर्षांत गिरगावातल्या वाचनालयांतही पोरं असल्याच माणसाची वाट पाहत होती, आणि समीक्षकांनी नाक मुरडण्याची पद्धतही दोन्हीकडे सारखीच. मेडानच्या कादंबऱ्यांना 'पिचिसान' म्हटलं गेलं, दमडीमोलाच्या. १९३९-४० मध्ये यावर जोराचा वाद झाला. पोरं बिघडतात, भाषा बिघडते, देशकार्य मागे पडतं. सोयुब स्वतः धर्मशास्त्र शिकलेले. त्याच मेडानमध्ये हम्का, मोठे धर्मपंडित, प्रेमकथा लिहून टोमणे खात होते. पिनांगच्या मौलवीपासून मेडानच्या मौलवीपर्यंत चोराला पोसणारे हात बघा कसले होते. मला ही गोष्ट त्या साहित्याची सगळ्यात मोठी शान वाटते आणि साहित्याचे इतिहास मात्र ती तळटीपेत टाकतात.

मग १९४२ उजाडलं. जपानी आले, कागद गेला, पत्रं मिटली. 'सौदारा' त्याच्या थोडं आधीच थांबलं होतं. युद्धानंतर देश स्वतंत्र होऊ लागले आणि स्वातंत्र्याला नवे नायक हवे होते. शिवाय एक हळू चालणारी आपत्ती होतीच. सामुद्रधुनीच्या इंग्रजी बाजूला, जिथे जावी लिपी वर्तमानपत्रांपासून प्रेमपत्रांपर्यंत सगळीकडे होती, तिथे रोमन अक्षरं शाळेतून घरात आली. १९६३ च्या कायद्याने राष्ट्रभाषेची लिपी रोमन ठरली. जावी उरली ती मुख्यतः धर्माच्या पुस्तकांत आणि फलकांवर. आजोबांच्या मोडीतल्या चोपड्या आपल्या घरांत जशा पडून राहिल्या, वाचता न येणाऱ्या आणि टाकवत नसलेल्या, तसाच पिनांगचा रोकांबुल राहिला. भाषा तीच, घर तेच, नातवंडाला आजीची भाषा येते, पण आजीची पुस्तकं येत नाहीत. धर्मग्रंथ जुन्या लिपीत टिकले कारण त्यांना पठण करणारे होते. चोराचं पठण कोण करणार? मौलवीची प्रवचनं संशोधकांनी नव्या लिपीत आणली, त्याच्यावर प्रबंध झाले. 'फरीदा हानुम'ला पहिल्या मलय कादंबऱ्यांपैकी एक म्हणून मान मिळाला. तू मात्र, रोकांबुल, क्वचितच कुणाच्या प्रबंधाचा नायक झालास. फ्रेंचांना तू पुरेसा फ्रेंच उरला नव्हतास, अरबांना अनुवाद होतास, मलयांना परका होतास. ज्याच्यावर तीन-तीन घरांचा हक्क, त्याच्या वाट्याला शेवटी ओसरीच.

आणखी एक सल आहे. तुम्हा सगळ्यांना तुमच्या बापांनीच सोडलं. सोयुब यांनी ससाण्याला मोकळं केलं आणि ते उमय्या व अब्बासी खलिफांचे जाडजूड इतिहास लिहायला बसले. सुमान मास्तरांनी १९३९ मध्ये सर जूनला घेऊन 'तबुसान दाराह' लिहिली, नंतर एक कथासंग्रह काढला आणि पुढे कादंबरी म्हणून लिहिलीच नाही. शाळा काढल्या, प्रांताच्या उभारणीत पडले, पकानबारूला इस्लामी विद्यापीठ उभं करण्यात हात घातला. १९९९ मध्ये गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. त्यांना दोष कसा द्यावा? देश नवा असताना मास्तराला फळा सोडून चोरामागे धावायला सवड नसते. तरी वाटतं, त्या साठ वर्षांत एकदा तरी, परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, त्यांनी सर जूनला आणखी एक मुलगी पळवू द्यायला हवी होती.

पकानबारूमध्ये आज रियाऊ प्रांताचं भलंमोठं ग्रंथालय आहे. सुमान मास्तरांचंच नाव त्याला दिलंय. इमारतीचा आकार उघड्या रिहालसारखा, ज्यावर कुराण ठेवून वाचतात त्या लाकडी घडवंचीसारखा. सर जून, मौलवींच्या मांडीवर वाढलेल्या तुझ्या कुळाला इतकं साजेसं घर कुणी मुद्दाम शोधूनही बांधलं नसतं. शाळेची मुलं तिथे येतात, तुझ्या कादंबरीचं नाव, साल आणि कथासार पाठ करतात. कथासारात पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं की नोनाला तूच पळवलंस. तू सामुद्रधुनीच्या दोन सरकारांना हुलकावणी दिलीस, बालाई पुस्ताकाच्या संपादकांना दिलीस. परीक्षेच्या मार्गदर्शकाने तुला पकडलं.